एक्झॉस्ट हेडर बदलताना : किती खर्च, किती शक्ती आणि कोणता कायदा?

इंजिनाची ताकद वाढवण्याच्या हौसेपोटी गाडीचा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून त्या जागी बाजारात मिळणारे 'हेडर' बसवण्याकडे अनेक तरुण वाहनधारकांचा कल असतो. विक्रेत्यांच्या जाहिरातींत शक्तिवाढीचे आकडे ठळकपणे दिलेले असतात. मात्र त्या वाढीसाठी प्रत्यक्षात किती खर्च येतो, ती कोणत्या वेगाला मिळते, प्रत्येक गाडीला असे हेडर बसते का आणि रस्त्यावर ते कायदेशीर ठरते का, या प्रश्नांची उत्तरे क्वचितच दिली जातात. कमी खर्चात योग्य हेडर निवडू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी या विषयाची तांत्रिक, आर्थिक आणि कायदेशीर बाजू येथे मांडली आहे.

कानोता ते आग्रा : एक उदाहरण

जयपूर शहराच्या पूर्वेस, आग्र्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग २१ वर कानोता हे गाव आहे. येथील ठाकूर अमरसिंह यांनी १८९८ ते १९४२ या काळात लिहिलेल्या प्रदीर्घ दैनंदिनीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. वाहनधारकाच्या दृष्टीने मात्र कानोत्याचे महत्त्व वेगळे आहे. जयपूरची गर्दी मागे पडून मोकळा महामार्ग सुरू होतो तो याच बाजूला.

हा रस्ता पुढे दौसा, भरतपूर आणि फतेहपूर सिक्रीमार्गे आग्र्याला पोहोचतो. भरतपूर जिल्ह्याचा समावेश २०१३ साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात करण्यात आला. ताजमहालाच्या रक्षणासाठी आखलेल्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या 'ताज ट्रॅपेझियम' क्षेत्रातही भरतपूरचा भाग येतो. या क्षेत्रातील प्रदूषणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी महत्त्वाचा निकाल दिला आणि कोळशावर चालणाऱ्या उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळण्याचे किंवा स्थलांतर करण्याचे आदेश दिले. म्हणजेच कानोत्याहून पूर्वेकडे निघालेली गाडी काही तासांतच देशातील हवेच्या दृष्टीने सर्वाधिक संवेदनशील समजल्या जाणाऱ्या प्रदेशात शिरते. गाडीच्या धुराड्यात काय बसवले आहे, हा प्रश्न त्यामुळे केवळ मालकाच्या हौसेपुरता उरत नाही.

हेडर म्हणजे नेमके काय?

इंजिनातील प्रत्येक सिलिंडरमधून जळालेले वायू बाहेर पडतात. ते एकत्र करून पुढील नळीत सोडणाऱ्या भागाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. बहुतेक जुन्या गाड्यांत हा भाग ओतीव लोखंडाचा असतो. महाराष्ट्रात कोल्हापूर आणि परिसरातील फौंड्री उद्योग वाहनांसाठी ओतीव भाग तयार करण्यासाठी प्रसिद्ध आहे. ओतीव मॅनिफोल्ड स्वस्त पडतो, आवाज दाबतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि उष्णता धरून ठेवतो. मात्र त्यातील मार्ग आखूड व असमान लांबीचे असल्याने एका सिलिंडरचे वायू दुसऱ्याच्या वाटेत येण्याची शक्यता असते.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी पोलादाची स्वतंत्र नळी असते. या नळ्या ठरावीक अंतरापर्यंत वेगळ्या राहतात आणि नंतर 'कलेक्टर' नावाच्या जोडभागात एकत्र येतात. त्यामुळे वायूंना बाहेर पडण्यास अडथळा कमी होतो. शिवाय नळ्यांची लांबी योग्य असेल, तर वायूंच्या दाबलाटांचा उपयोग करून सिलिंडर अधिक चांगल्या प्रकारे रिकामा करता येतो.

हेडरचा खरा लाभ या दुसऱ्या गोष्टीत आहे. एक्झॉस्ट झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून पुढे जाते. नळी जेथे रुंद कलेक्टरमध्ये उघडते, तेथून कमी दाबाची लाट उलट परत येते. ही लाट झडप बंद होण्यापूर्वी योग्य क्षणी पोहोचली, तर ती उरलेले वायू ओढून घेते आणि आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाला जागा करून देते.

लांबीचे गणित

तप्त एक्झॉस्ट वायूंमध्ये ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर असतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल, तर क्रँकशाफ्ट एका सेकंदात ३६,००० अंश फिरतो. परतीची लाट क्रँकशाफ्ट १२० अंश फिरेपर्यंत पोहोचावी असे उदाहरणादाखल धरले, तर तिला सुमारे ३.३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात लाट जाऊन-येऊन २ मीटर अंतर कापते. म्हणजे नळीची लांबी सुमारे १ मीटर हवी.

हाच हिशेब ४,००० फेऱ्यांसाठी केला, तर लांबी दीड मीटर येते. छोट्या गाडीच्या बॉनेटखाली एवढ्या लांबीच्या चार नळ्या बसवणे अवघड असते. म्हणूनच बाजारातील बहुतेक हेडरांच्या नळ्या आखूड असतात आणि त्यांचा फायदा इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांतच दिसतो. महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना छोट्या पेट्रोल गाडीचे इंजिन वरच्या गिअरमध्ये साधारणतः अडीच ते सव्वातीन हजार फेऱ्या घेते. नेहमीच्या प्रवासात जी पट्टी वापरलीच जात नाही, तेथील शक्तिवाढीसाठी पैसे मोजायचे का, हा निवडीतील पहिला प्रश्न ठरतो.

चार-दोन-एक की चार-एक?

चार सिलिंडरच्या इंजिनासाठी दोन प्रमुख रचना प्रचलित आहेत. 'चार-एक' रचनेत चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळतात. 'चार-दोन-एक' रचनेत आधी दोन-दोन नळ्यांच्या जोड्या जुळतात आणि नंतर त्या दोन नळ्या एक होतात.

बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा असतो. दर १८० अंशांना एका सिलिंडरचे वायू बाहेर पडतात. चार-दोन-एक रचनेत पहिला व चौथा आणि दुसरा व तिसरा अशा जोड्या लावतात. त्यामुळे जोडीतील दोन सिलिंडरांमध्ये ३६० अंशांचे अंतर राहते आणि एकाचा दाब दुसऱ्याला बाधत नाही. स्वस्त हेडरमध्ये ही जोडणी जागेच्या सोयीने बदललेली आढळल्यास ते घेण्यात अर्थ नाही.

सर्वसाधारणपणे चार-दोन-एक रचना मधल्या फेऱ्यांत, तर चार-एक रचना वरच्या फेऱ्यांत अधिक उपयुक्त ठरते. खंडाळा, कसारा किंवा आंबा घाटातील चढणीवर इंजिन बहुधा मधल्या फेऱ्यांत काम करते. अशा वापरासाठी पहिली रचना योग्य होय. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या 'व्हॅली रन'सारख्या सरळ रेषेतील शर्यतीत इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत ठेवले जाते. तेथे दुसऱ्या रचनेचा विचार होऊ शकतो.

नळीचा व्यासही महत्त्वाचा आहे. 'जितकी जाड नळी तितकी शक्ती जास्त' हा समज चुकीचा आहे. नळी गरजेपेक्षा रुंद असल्यास वायूंचा वेग घटतो आणि खालच्या फेऱ्यांतील ओढ कमी होते.

प्रत्येक गाडीला हेडर बसत नाही

खरेदीपूर्वी गाडीच्या इंजिनाची रचना पाहणे अत्यावश्यक आहे. अलीकडच्या अनेक इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा वेगळा भाग नसून सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांतील १.० व १.५ लिटर टीएसआय इंजिने या प्रकारची आहेत. २००६ साली भारतात आलेल्या होंडा सिव्हिकच्या १.८ लिटर इंजिनातही हीच रचना होती. अशा इंजिनातून वायू एकाच तोंडाने बाहेर पडतात. तेथे चार नळ्यांचे हेडर बसवणे शक्यच नसते. त्यांच्यासाठी 'हेडर' या नावाने विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात पुढची नळी असते.

टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांचे गणितही वेगळे आहे. एक्झॉस्ट वायू तेथे प्रथम टर्बाइन फिरवतात. त्यामुळे दाबलाटांच्या नियोजनाचा लाभ मर्यादित राहतो. डिझेल गाड्यांत धूलिकण अडवणारी गाळणी असल्यास तिला हात लावणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय आरोग्यालाही घातक आहे.

हेडरचा सर्वाधिक उपयोग होतो तो टर्बो नसलेल्या, वेगळा मॅनिफोल्ड असलेल्या आणि वरच्या फेऱ्यांत मोकळेपणाने चालणाऱ्या पेट्रोल इंजिनांना. मारुती एस्टीम, मारुतीची १.६ लिटर इंजिनाची जुनी बलेनो किंवा होंडा सिटीची जुनी व्हीटेक आवृत्ती ही अशा इंजिनांची उदाहरणे होत. या गाड्या हौशी चालकांत लोकप्रिय होण्यामागे हेही एक कारण आहे.

शक्तिवाढीचे आकडे कसे वाचावेत?

इतर कोणताही बदल न करता केवळ हेडर बसवल्यास होणारी वाढ सामान्यतः एक आकडी टक्क्यांतच राहते. मूळ मॅनिफोल्ड आधीच चांगला असेल, तर ती नगण्यही असू शकते. जाहिरातीत यापेक्षा मोठा आकडा दिसल्यास तो कसा मोजला, हे विचारले पाहिजे.

येथे हवामानाची भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. कानोता परिसरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. हिवाळ्यात ते १५ अंश असताना जी हवा इंजिनात जाते, तिच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेची घनता ९ टक्क्यांहून अधिक घटलेली असते. इंजिनाची शक्ती अगदी त्याच प्रमाणात घटते असे नाही. तरीही हा फरक हेडरने मिळणाऱ्या वाढीएवढा किंवा त्याहून मोठा असू शकतो. मुंबई समुद्रसपाटीला आहे, तर पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर. केवळ या उंचीमुळे हवेची घनता सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते.

याचा अर्थ असा की, हेडर बसवण्यापूर्वीची चाचणी उन्हाळ्यात आणि नंतरची हिवाळ्यात घेतली, तर निकृष्ट हेडरही उत्तम भासेल. शक्ती मोजण्याच्या यंत्राला 'डायनो' म्हणतात. दोन्ही चाचण्या एकाच डायनोवर, एकाच दिवशी, त्याच टायरांवर आणि त्याच इंधनावर झाल्या असतील, तरच त्यांची तुलना विश्वसनीय मानता येते. एका सर्वोच्च आकड्याऐवजी संपूर्ण आलेख मागवावा. वरच्या फेऱ्यांत ५ अश्वशक्ती मिळाली आणि मधल्या फेऱ्यांत तेवढीच गमावली, असे घडू शकते आणि ते केवळ आलेखातच दिसते.

धातू, जाडी आणि जोडकाम

हेडरची किंमत मुख्यतः धातू आणि वेल्डिंग यांवर ठरते. साधे पोलाद, म्हणजे माइल्ड स्टील, सर्वांत स्वस्त असते. ते घडवणे सोपे, पण गंजण्याची शक्यता अधिक. कोकण किंवा गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत ते लवकर खराब होते. राजस्थानच्या कोरड्या हवेत ते तुलनेने जास्त टिकते. ४०९ प्रतीचे स्टेनलेस स्टील हा मधला पर्याय होय. वाहन उत्पादक एक्झॉस्ट यंत्रणेत त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करतात. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील गंजाला अधिक दाद देत नाही, दिसायलाही आकर्षक असते, मात्र महाग पडते.

३०४ प्रतीच्या पोलादाचा एक गुणधर्म ग्राहकाने जाणून घ्यावा. तापल्यावर ते साध्या पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. ६० सेंटिमीटर लांबीची नळी ६०० अंशांनी तापली, तर ३०४ प्रतीची नळी सुमारे ६ मिलिमीटर वाढते, तर साध्या पोलादाची सुमारे ४ मिलिमीटर. या वाढीला वाव न ठेवल्यास ताण वेल्डिंगवर येतो आणि तेथे तडा जातो. म्हणून चांगल्या हेडरमध्ये सरकता सांधा किंवा लवचीक जोड दिलेला असतो. महाग धातू वापरला म्हणजे हेडर टिकाऊ झाले, असे समजणे त्यामुळे बरोबर नाही.

वेल्डिंगची पाहणी ग्राहकाला स्वतः करता येते. नळीच्या आत बोट फिरवून पाहावे. वितळलेल्या धातूचे गोळे आत आले असतील, तर वायूंच्या मार्गात अडथळा निर्माण होतो. इंजिनाला लागणारी पट्टी, म्हणजे फ्लँज, जाड आणि सपाट असावी. ती सपाट काचेवर ठेवून पाहिल्यास वाकडेपणा लगेच कळतो. पातळ फ्लँज उष्णतेने वाकते, गॅस्केट फुटते आणि वायुगळती सुरू होते.

अनेक जण हेडरवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात. त्यामुळे बॉनेटखालची उष्णता घटते हे खरे, मात्र पट्टीत ओलावा साठून साध्या पोलादाची नळी गंजते. पावसाळी प्रदेशात ही पट्टी वापरण्याऐवजी पत्र्याचे उष्णतारोधक कवच अधिक योग्य ठरते.

खर्चाचा खरा हिशेब

हेडरवर लिहिलेली किंमत म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. नवे गॅस्केट, बोल्ट, मजुरी, ऑक्सिजन सेन्सरसाठी जागा तयार करणे, पुढील नळीशी जुळणी आणि इंजिनाच्या संगणकाचे पुनर्नियोजन, म्हणजे ट्यूनिंग, हे सर्व त्यात मिळवावे लागते.

केवळ हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १०० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी ३०,००० रुपयांचे हेडर घेतले. बसवण्यास ५,००० आणि ट्यूनिंगला २५,००० रुपये लागले. एकूण ६०,००० रुपये झाले आणि ५ अश्वशक्ती वाढली. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीसाठी १२,००० रुपये पडले. आता दुसरे हेडर १२,००० रुपयांना मिळाले. बसवण्याचा खर्च तोच, ट्यूनिंग केले नाही आणि वाढ १ अश्वशक्तीची झाली. येथे दर १७,००० रुपयांवर गेला. वर्षभरात वेल्डिंग तुटल्यास त्यात दुरुस्तीची भर पडते. स्वस्त वस्तू येथे महाग ठरली.

हीच तुलना इतर उपायांशीही करावी. १,००० किलो वजनाच्या गाडीतून ५० किलो अनावश्यक सामान काढले, तर वजनाच्या प्रमाणात मिळणारी शक्ती ५ टक्क्यांहून अधिक वाढते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. स्वच्छ एअर फिल्टर, योग्य स्पार्क प्लग, टायरमधील बरोबर हवा आणि चांगले ब्रेक पॅड हे त्यानंतरचे स्वस्त उपाय होत. इंजिन थकलेले असेल, कॉम्प्रेशन घटलेले असेल, तर हेडरवर पैसे घालण्यापूर्वी ती दुरुस्ती करणे शहाणपणाचे ठरते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कराचा दर २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे करबिलाशिवाय खरेदी करून वाचणारी रक्कमही आता घटली आहे. पक्के बिल घेतल्यास वस्तू सदोष निघाल्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कळीचा प्रश्न

भारतात १९९५ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक करण्यात आला. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंच्या साह्याने तो कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतो. त्याचे काम साधारणतः २५० ते ३०० अंश तापमानानंतर सुरू होते.

गाडी सुरू करताच तो लवकर तापावा यासाठी उत्पादकांनी त्याला इंजिनाच्या अधिकाधिक जवळ आणले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली. या काळातील बहुसंख्य पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर थेट मॅनिफोल्डला जोडलेला असतो. परिणामी मॅनिफोल्ड काढला की कन्व्हर्टरही जातो. अनेक हेडरांच्या जाहिरातीत दिसणारी शक्तिवाढ प्रत्यक्षात कन्व्हर्टर काढल्यामुळे आलेली असते, ही बाब क्वचितच सांगितली जाते.

कन्व्हर्टर नीट चालण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरावीक राखावे लागते. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ ला १ असे असते. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण संगणकाला कळवतो. हेडरच्या सांध्यातून सेन्सरच्या आधी गळती होत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला इंधन कमी पडल्याचा भास होतो आणि संगणक विनाकारण अधिक पेट्रोल सोडतो. हेडर बसवल्यानंतर गाडीचा खप वाढल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हे कारण असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात, उत्पादकाच्या मूळ रचनेत फरक पाडणारे बदल मान्य करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातील कलम १८२-अ नव्या स्वरूपात आले. परवानगी नसलेले सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, तसेच तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० सायलेन्सर अनिवार्य करतो. नव्या प्रवासी मोटारीसाठी मान्यता चाचणीतील आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे.

प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राच्या, म्हणजे पीयूसीच्या तपासणीत भारत स्टेज ४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींसाठी इंजिन संथ गतीवर असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कन्व्हर्टर काढलेली गाडी या मर्यादेत बसणे कठीण असते. वाहनांना मान्यता देण्यापूर्वी अशा चाचण्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत होतात. मान्यता संपूर्ण वाहनाला मिळते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. नंतर बसवलेल्या हेडरला ती आपोआप लागू होत नाही.

महाराष्ट्रातील अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी दुचाकींचे बदललेले सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडले आहेत. मोटारीचे हेडर बॉनेटखाली लपलेले असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात फरक पडत नाही.

बंदिस्त मार्गावरील शर्यतींची गोष्ट वेगळी आहे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धांत कोणत्या गटात कोणते बदल चालतात, हे आधीच ठरवून दिलेले असते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट हे देशातील प्रमुख मार्ग होत. शर्यतीसाठी तयार केलेली गाडी तेथे वाहून न्यावी, रस्त्यावरून चालवत नेऊ नये.

सुरक्षितता आणि विमा

पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातील एक्झॉस्ट वायूंचे तापमान ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. मूळ मॅनिफोल्डवर पत्र्याचे कवच असते. स्वस्त हेडरसोबत ते बहुधा दिले जात नाही. जवळून जाणाऱ्या तारा, इंधननळी किंवा ब्रेकची नळी तापल्यास आगीचा धोका संभवतो. वाळलेल्या गवतावर गरम गाडी उभी करणेही धोक्याचे आहे.

त्याहून गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. हेडरच्या सांध्यातून होणारी गळती बॉनेटखालून हवा खेचणाऱ्या मार्गाने गाडीच्या आत येऊ शकते. काचा बंद असलेल्या गाडीत डोकेदुखी, मळमळ किंवा सुस्ती जाणवू लागल्यास तत्काळ काचा उघडाव्यात, गाडी थांबवून बाहेर यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

विमा हा परस्पर विश्वासावर आधारलेला करार आहे. बदल कंपनीला कळवला नसेल आणि अपघात किंवा आगीचा त्याच्याशी संबंध दिसला, तर दाव्यावर वाद निर्माण होऊ शकतो. उत्पादकाची हमी सुरू असलेल्या गाडीत बदल केल्यास संबंधित भागांवरील हमीही धोक्यात येते.

खरेदीपूर्वी विचारण्याचे प्रश्न

हेडर घेण्यापूर्वी ग्राहकाने पुढील बाबींची खातरजमा करावी.

पहिली बाब म्हणजे आपल्या इंजिनात वेगळा मॅनिफोल्ड आहे की तो सिलिंडर हेडमध्येच आहे. दुसरी, कन्व्हर्टर मॅनिफोल्डला जोडलेला आहे की पुढच्या नळीत. तो पुढे असेल, तर हेडर बसवूनही कन्व्हर्टर जागेवर राहू शकतो, मात्र तेवढ्याने बदल कायदेशीर ठरत नाही. परिवहन कार्यालयात, म्हणजे आरटीओत, आधी चौकशी करणे आवश्यक आहे.

तिसरी बाब धातूची प्रत, नळीची जाडी आणि फ्लँजची जाडी बिलावर लिहून मिळते का, ही होय. चौथी, ऑक्सिजन सेन्सरची जागा मूळ ठिकाणाच्या जवळ आहे का. पाचवी, त्याच इंजिनावर, एकाच दिवशी घेतलेला आधीचा व नंतरचा डायनो आलेख उपलब्ध आहे का. सहावी, वेल्डिंग तुटल्यास किती काळ आणि कोणत्या अटींवर बदलून मिळेल.

यांपैकी एकाही प्रश्नाला विक्रेता समाधानकारक उत्तर देत नसेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ते हेडर टाळावे. मूळ मॅनिफोल्ड, त्याचे कवच आणि बोल्ट भंगारात देऊ नयेत. गाडी विकताना, पीयूसी तपासणीत अडचण आल्यास किंवा परिवहन कार्यालयाने आक्षेप घेतल्यास तेच उपयोगी पडतात.

निष्कर्ष

बंदिस्त मार्गावर शर्यतीत उतरणाऱ्या, टर्बो नसलेल्या जुन्या पेट्रोल गाडीसाठी योग्य लांबीचे, चांगल्या वेल्डिंगचे आणि ट्यूनिंगसह बसवलेले हेडर हा रास्त खर्च ठरू शकतो. रोजच्या वापरातील भारत स्टेज ४ किंवा ६ च्या गाडीत मात्र मिळणारी वाढ थोडी आणि गमावण्यासारखे बरेच आहे. दंड, विम्याचा दावा, हमी, इंधनाचा वाढता खर्च आणि हवेचे नुकसान हे सर्व त्या वाढीच्या दुसऱ्या पारड्यात पडते. तीच रक्कम टायर, ब्रेक आणि इंजिनाच्या नियमित देखभालीवर खर्च केल्यास कानोत्याचा मोकळा महामार्ग असो वा खंडाळ्याचा घाट, गाडी अधिक चपळ आणि अधिक सुरक्षित राहते.